राबलेले अवयव

कोफू हे जपानच्या यामानाशी प्रांताचं मुख्य शहर. टोकियोच्या शिन्जुकू स्थानकातून जलद गाडी धरली, की साधारण दीड तासात तिथे पोचता येतं. चहूबाजूंनी डोंगर, मधे खोलगट सपाटी, उतारांवर द्राक्षांचे मळे, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेच्या डोंगरांमागून वर आलेला फुजी. या गावात दुपारी भूक लागली की लोक सोबाच्या दुकानात शिरतात. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या लांब शेवया. उकडून थंड पाण्यात धुतलेल्या, बांबूच्या जाळीवर वाढलेल्या, आणि बुडवून खायला सोबत सोया सॉसचं पातळ खारट-गोड पाणी. पण कोफूत सोबाबरोबर आणखी एक लहान ताटली मागवायची रीत आहे. तिच्यात सॅलडच्या हिरव्या पानावर काळसर तपकिरी, तुळतुळीत चमकणारे तुकडे रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये काही पिवळेजर्द गोळे. पदार्थाचं नाव तोरीमोत्सुनी. तुकडे कोंबडीच्या कलेजीचे, हृदयाचे आणि पेट्याचे. गोळे म्हणजे तिने घातलीच नाहीत अशी अंडी.

ही ताटली पहिल्यांदा समोर येते तेव्हा हात थबकतो. सराईत मांसाहारी माणसाचाही थबकतो. तंगडी खाताना कधी न पडलेला प्रश्न इथे पडतो, की हे नक्की आहे तरी काय? ‘ही कलेजी, हा पेटा’ एवढ्या उत्तराने माझं समाधान होत नाही. तो अवयव जिवंतपणी काय करत होता हे कळलं, की मगच उत्तर पुरं होतं, कारण त्या कामानेच त्याचा पोत घडवलेला असतो आणि बरीचशी चवसुद्धा. दाताखाली जे लागतं तो त्या कामाचाच मागे उरलेला परिणाम. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, पण ते घाईने सांगण्यासारखं नाही.

आधी या पदार्थाचा जन्म. 6 जुलै 1945 च्या रात्री अमेरिकी विमानांनी कोफूवर आगीचे बॉम्ब टाकले आणि शहराचा मधला भाग जळून गेला. त्यानंतर पाचेक वर्षांनी, 1950 च्या सुमारास, गावातल्या ‘ओकुतो’ नावाच्या सोबाच्या दुकानात तोरीमोत्सुनी पहिल्यांदा शिजली. कोंबडीचं मांस विकलं जाई आणि आतले अवयव टाकून दिले जात. भुकेची आठवण अजून ताजी होती, अशा काळात हे फेकणं कुणाला तरी खटकलं आणि त्यातून पदार्थ निघाला. पुढे कितीतरी वर्षं तो कोफूच्या बाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. 2010 साली आत्सुगी शहरात भरलेल्या ‘बी-वन ग्रां प्री’ या साध्या, स्वस्त, गावोगावच्या खाण्यांच्या स्पर्धेत त्याला पहिलं स्थान मिळालं आणि देशभर नाव झालं.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सुरुवात ओळखीच्या मांसापासून केलेली बरी. कोंबडीच्या छातीचं मांस पांढरं असतं आणि तंगडीचं काळसर, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कारण सरळ आहे. कोंबडी दिवसभर उभी असते, चालते, पायाने माती उकरते. पायाच्या स्नायूंना सतत प्राणवायू लागतो, म्हणून तो धरून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं तांबडं द्रव्य त्यांच्यात भरपूर असतं. छातीचे स्नायू उडण्यासाठी असतात आणि कोंबडी उडते ती क्वचित, कुत्रं अंगावर आलं तर कुंपणापलीकडे जाण्यापुरती. म्हणून ते फिके. बदक आणि कबुतर लांबवर उडतात, त्यांची छाती गडद असते. म्हणजे एकाच जातीच्या मांसात, अगदी एकाच पक्ष्यात, रंग आणि चव कामाप्रमाणे बदलते. हे स्नायूंच्या बाबतीत मान्य केलं, की आतल्या अवयवांकडे जाणं फक्त एक पाऊल पुढे जाणं आहे.

ताटलीतला सगळ्यात बोलका तुकडा पेट्याचा. जपानी माणूस त्याला सुनागिमो म्हणतो. कोंबडीला दात नसतात. ती दाणा गिळते, आणि मधूनमधून वाळूचे खडे आणि बारीक गोटेही गिळते. दाणे आधी गळ्याजवळच्या पिशवीत ओले होतात, मग पाचकरसात भिजतात आणि शेवटी पेट्यात येतात. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटातलं जातं. दोन बाजूंना जाड स्नायूंच्या भिंती, आतून पिवळसर, खरबरीत, चिवट अस्तर, आणि मधे गिळलेले खडे. मिनिटाला दोन-तीन वेळा या भिंती एकमेकींवर दाबल्या जातात आणि दाणा भरडला जातो. जागेपणीचा बहुतेक वेळ हे काम चालू असतं. ते पिवळं अस्तर कोइलिन नावाच्या कठीण पदार्थाचं बनलेलं असतं आणि पेटा साफ करताना ते सोलून काढतात. चिनी पारंपरिक वैद्यकात तेच वाळवून पचनाच्या औषधात वापरतात.

असा अवयव मऊ असेल अशी अपेक्षाच चुकीची. त्याचे तंतू दाट, एकमेकांना घट्ट चिकटलेले, चरबी जवळजवळ नाही. बाहेरून स्नायूंना बांधून ठेवणारा रुपेरी चमकीचा पडदा असतो आणि तो तर नीट न काढल्यास चावता चावत नाही. चांगला आचारी तो कापून टाकतो. उरलेलं मांस झटपट शिजवलं तर दाताखाली करकरतं, थोडं चावलं की सुटतं, आणि वास जवळजवळ नसतो. ज्याला अवयवांच्या वासाची भीती वाटते त्याने इथूनच सुरुवात करावी असं मी नेहमी सांगते.

कामाने अवयव घडतो ही गोष्ट पेट्याच्या बाबतीत कुक्कुटपालन करणाऱ्यांना चांगली माहीत आहे. कोंबड्यांना पीठ करून बारीक खाद्य दिलं तर पेटा लहान आणि ढिला राहतो. त्यांच्या खाद्यात अख्खा गहू घातला तर तोच पेटा मोठा, जाड आणि जोरदार होतो. जात तीच, वय तेच, फक्त भरडायला काही दिलं की भरडणारा अवयव वाढला. अंगणात टिपत हिंडणाऱ्या गावरान कोंबडीचा पेटा आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीचा पेटा यांत जो फरक आपल्या दाताला जाणवतो, तो त्या दोघींच्या दिनक्रमातला फरक आहे. जिभेला एवढं बारकाईनं कळू शकतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हृदयाबद्दल फार सांगायला नको, कारण त्याचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. कोंबडीचं हृदय मिनिटाला तीनशेच्या आसपास ठोके देतं, म्हणजे दिवसाला चार लाखांहून अधिक. पेटा निदान रात्री थोडा थांबतो. हृदय अंड्यात धडधडायला लागल्यापासून सुरीखाली येईपर्यंत थांबत नाही. त्याचे तंतू आखूड, फांद्या फुटलेले आणि एकमेकांत गुंतलेले असतात. तंगडीच्या मांसाचे जसे लांब धागे सुटतात तसे त्याचे सुटत नाहीत. म्हणून त्याचा चावा वेगळा. ते लवचिक आहे, भरीव आहे, आणि चव गडद तंगडीसारखी पण अधिक दाट. वरच्या टोकाला चरबीची बारीक कडा असते, ती आचेवर वितळून तुकड्याला ओलावा देते.

इथवर हिशेब सोपा वाटतो. जो अधिक राबला तो अधिक कठीण. पण ताटलीतला तिसरा तुकडा हा हिशेब मोडतो. कलेजी सगळ्यात मऊ असते. जिभेने टाळूवर दाबली तरी पसरते. मग तिने काम केलं नाही असं म्हणायचं का? उलट, शरीरात तिच्याइतकी कामं क्वचितच कुणाकडे असतील. अन्नातून रक्तात आलेलं सगळं आधी तिच्याकडे येतं. ती साखर साठवते, लोह साठवते, अ जीवनसत्त्व साठवते, विषारी द्रव्यं मोडते, पित्त बनवते. पक्ष्यांच्या शरीरात चरबी तयार करण्याचं मुख्य कामही तिचंच.

मग माझं म्हणणं इथे अडतं का? अडत नाही, पण ते नीट मांडावं लागतं. कामं दोन तऱ्हांची. एक हालचालीचं, ज्यात ओढणं, दाबणं, ढकलणं असतं. त्याला तंतू लागतात, तंतूंना बांधणारे पडदे लागतात, आणि हे सगळं दाताला जाणवतं. दुसरं काम साठवण्याचं, बनवण्याचं, गाळण्याचं. त्यात काही हलत नाही. पेशी जागच्या जागी बसून एका द्रव्याचं दुसरं द्रव्य करतात. त्यांना दोरखंडांची गरज नसते, म्हणून कलेजीत बांधणारे धागे अगदी थोडे. असं काम दाताला कळत नाही, जिभेला कळतं. कलेजीत जो गोडवा आहे तो साठवलेल्या साखरेचा. जो धातूसारखा वास आहे तो लोहाचा. कापताना पित्ताची पिशवी फुटली तर येणारा कडवटपणा तिच्या आणखी एका कामाचा. पेटा आपलं काम पोतातून सांगतो, कलेजी चवीतून. काम कुठलंही असो, खाणाऱ्यापर्यंत ते पोचतंच.

म्हणूनच कलेजी शिजवणं अवघड. बांधणारे धागे नसल्यामुळे उष्णता थोडी जास्त झाली की आतलं पाणी निघून जातं आणि ती रवाळ, कोरडी होते. त्याच वेळी तिचा तो धातूचा वासही उग्र होतो. कलेजी न आवडणाऱ्या पुष्कळ माणसांनी आयुष्यभर फक्त जास्त शिजलेली कलेजीच खाल्लेली असते, असं माझं मत आहे. कमी शिजवूनही चालत नाही. जपानात गायीची कच्ची कलेजी खायची जुनी आवड होती, पण तिच्यातून घातक जंतू पोटात जातात हे ध्यानात आल्यावर 2012 च्या जुलैपासून सरकारने ती विकायलाच बंदी केली. कोंबडीच्या कलेजीतही आतपर्यंत जंतू असू शकतात. मध्यापर्यंत शिजलेली, पण शिजल्याबरोबर उतरवलेली, अशी ती वेळ साधावी लागते.

आता ते पिवळे गोळे. जपानीत किन्कान नावाचं एक चिमुकलं संत्र्यासारखं फळ असतं, त्याच्याच नावाने या गोळ्यांना ओळखतात. हा सगळ्यात अनोळखी वाटणारा भाग आणि मला सगळ्यात प्रिय. कोंबडीच्या शरीरात डाव्या बाजूचंच अंडाशय वाढतं. त्यात एकाच वेळी लहानमोठे बलक असतात, खसखशीएवढे, बोराएवढे, आणि पुरे वाढलेले. मोठे होऊ लागलेले बलक चढत्या क्रमाने तयार होत जातात. आठ-दहा दिवसांत एक बलक पूर्ण भरतो, सुटतो आणि अंडनलिकेत उतरतो. तिथे तीनेक तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग चढतो, मग पातळ पापुद्रे, आणि मग वीसेक तास कवच तयार व्हायला लागतात. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत एक दिवसाहून थोडा अधिक काळ जातो. किन्कान म्हणजे या रांगेत उभे असलेले, अजून न सुटलेले बलक. पांढरा भाग नाही, कवच नाही.

खाताना उकडलेल्या अंड्याचा बलक भुरभुरतो आणि घशात अडकतो, तसं याचं होत नाही. किन्कान घट्ट असतो, दात आत जाताना थोडा विरोध करतो, मग दाट आणि स्निग्ध होऊन तोंडात विरघळत जातो. त्याने अजून कुठलंच काम केलेलं नाही. त्याच्यात भरून ठेवलेलं आहे ते सगळं पुढे येणाऱ्या पिल्लासाठी. चव इतकी गोल, इतकी निर्वेध का लागते याचं कारण मला यातच दिसतं. त्याच्यात कसलाही झगडा नाही.

पण त्याच्या मागे कुणाचं तरी काम आहेच. बलकातली चरबी आणि प्रथिनं अंडाशयात बनत नाहीत, ती कलेजीत बनतात. कोंबडी अंड्यावर आली की तिच्या शरीरातल्या संप्रेरकांच्या सांगण्यावरून कलेजी ही द्रव्यं तयार करू लागते, रक्तात सोडते आणि ती अंडाशयातल्या बलकांत जाऊन साठतात. म्हणजे ताटलीतली कलेजी आणि तिच्या शेजारचा पिवळा गोळा यांचं नातं बनवणारी आणि बनलेली वस्तू असं आहे. हे वाचल्यावर मी पुन्हा ही ताटली खाल्ली तेव्हा एक घास कलेजीचा, एक किन्कानचा असं मुद्दाम आलटून पालटून खाल्लं. दोन्हींत एक समान दाटपणा आहे. तो आधीही असणारच, पण कारण कळल्यावर जीभ त्याला शोधायला लागली.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी दीड-दोन महिन्यांत कापली जाते. अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने लागतात. त्यामुळे ब्रॉयलरच्या पोटात किन्कान मिळतच नाही. तो मिळतो अंडी देऊन देऊन थकलेल्या, कळपातून काढलेल्या कोंबडीच्या पोटात. म्हणजे एका लहान ताटलीत बहुधा दोन वेगळ्या आयुष्यांच्या कोंबड्या एकत्र आलेल्या असतात. आपल्याकडे खेड्यात गावरान कोंबडी कापली की पोटातली ही पिवळी अंडी निघतात आणि रश्श्यात सोडतात, मग ती कुणाच्या ताटात जाणार यावरून पोरांची भांडणं होतात. शहरात तयार मांसाचे तुकडे आणणाऱ्या घरांत मात्र ती पाहिलेलीच नाहीत अशी एक पिढी आता मोठी झाली आहे.

आता हे चार भाग एकत्र शिजवायचे कसे? कोफूच्या पद्धतीत मला खरं शहाणपण दिसतं. सोया सॉस आणि साखर यांचा थोडासाच रस, त्यात पाणी घालून पातळ करायचं नाही, आणि आच मोठी. रस उकळून दाट होतो, फेसाळतो, आणि शेवटी प्रत्येक तुकड्यावर चकचकीत थर धरतो. सगळं थोडक्या वेळात. हेच तासन्‌तास मुरवत ठेवलं असतं तर रस आतपर्यंत शिरला असता आणि चारही भागांची चव एकसारखी झाली असती. थोड्या वेळामुळे आणि थोड्या रसामुळे बाहेरचा थर तेवढा सारखा राहतो आणि आत प्रत्येकाचं आपलं आपलं शाबूत राहतं. चावल्यावर पहिल्यांदा गोड-खारट लागतं, मग एकदम कळतं की हा पेटा आहे, ही कलेजी आहे.

निशिकासाई हा टोकियोतला भाग मराठी घरांना चांगला माहीत आहे. तिथल्या साध्या सुपरमार्केटात कलेजी आणि हृदय एकमेकांना जोडलेल्या स्थितीत एका ट्रेमध्ये मिळतात, पेटे दुसऱ्या ट्रेमध्ये, आणि दोन्ही स्वस्त. मी घरी करते तेव्हा हृदय उभं चिरून आत साकळलेलं रक्त धुऊन काढते, पेट्याचा रुपेरी पडदा काढून त्याला चिरा देते, आणि कलेजी थोडा वेळ दुधात ठेवते. उकळत्या रसात आधी पेटा, मग हृदय, आणि कलेजी शेवटी. हा क्रम मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. कोण कसलं काम करत होतं हे ध्यानात असलं, की कोणाला किती वेळ लागेल ते आपोआप ठरतं.

हा विचार एका कोंबडीपुरता नाही, हे दाखवायला जपानातलंच दुसरं उदाहरण घेते. सेन्दाई शहरात 1948 साली सानो केइशिरो यांनी ‘तासुके’ हे दुकान काढलं आणि गायीच्या जिभेचे काप मीठ लावून कोळशावर भाजून द्यायला सुरुवात केली. आज ती सेन्दाईची ओळख आहे, आणि सोबत सातू घातलेला भात आणि शेपटीचं सूप द्यायची पद्धत आहे. गाय दिवसभर जिभेने गवत ओढून तोडते. ही सगळी ओढाताण जिभेच्या टोकाची. मूळ घशाजवळ असतं, ते तितकं हलत नाही. म्हणून एकाच जिभेत मुळाकडचा भाग मऊ आणि चरबीयुक्त, टोकाकडचा चिवट. दुकानदार मूळ जाड कापून भाजतो आणि महाग विकतो, टोक शिजवण्याच्या पदार्थात जातं. एकाच अवयवात एका हाताच्या अंतरावर काम बदललं आणि त्याबरोबर पोत बदलला, भाव बदलला.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या चार कप्प्यांचंही तेच. पहिला कप्पा खाल्लेलं घुसळतो, त्याची भिंत जाड, आणि जपानी दुकानात त्याला चिरा दिल्याशिवाय भाजत नाहीत. चौथ्या कप्प्यात खरं पचन होतं, तो पातळ आणि मऊ. आतड्यांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांच्या भिंती लवचिक, चिवट धाग्यांच्या असतात आणि त्या सैल व्हायला वेळच लागतो. गुन्मा प्रांतात रस्त्याकडेच्या खाणावळींत ट्रकचालक जे डुकराच्या आतड्यांचं, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण घातलेलं कालवण भाताबरोबर खातात, ते तास-तास शिजलेलं असतं. कोफूची मोठी आच तिथे उपयोगाची नाही.

हे सगळं पुस्तकांतून कळण्याच्या कितीतरी आधी काही स्वयंपाकघरांना ठाऊक होतं. ज्यांना जनावराचा चांगला भाग कधी मिळालाच नाही, त्यांना उरलेल्या भागांचं ज्ञान मिळवावं लागलं. जपानात जनावरं कापणं, कातडी कमावणं ही कामं करणाऱ्या समाजाला शेकडो वर्षं वेशीबाहेर ठेवलं गेलं. ओसाका भागातल्या त्यांच्या वस्त्यांत गुरांची आतडी त्यांच्याच चरबीत तळून कुरकुरीत करायची आणि टिकवायची रीत होती. आज तेच तुकडे घातलेला उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, ओसाकात कौतुकाने विकला जातो. आपल्याकडे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचं अन्न लिहून ठेवलं, मांस वाळवून केलेल्या चान्यांपासून वजडीपर्यंत. अशी नोंद मराठीत इतक्या उशिरा व्हावी याचं मला दुःख आहे. कुठला भाग किती वेळ शिजवायचा, कशाने धुवायचा, काय टिकतं आणि काय त्याच दिवशी संपवायचं, हे ज्ञान पिढ्यांनी कमावलं, आणि ज्यांनी ते कमावलं त्यांच्या ताटाकडे बाकीच्यांनी नाक मुरडलं.

त्या नाक मुरडण्याबद्दलही थोडं. मांस न खाणाऱ्याचा प्रश्न निराळा आहे. त्याची भूमिका स्पष्ट आहे आणि तिचा मी मान ठेवते. मी बोलते आहे तंगडी आनंदाने खाऊन पेट्याला शिवत नाही अशा माणसाबद्दल. त्याची अडचण मला समजते. तंगडीचा तुकडा नुसतं मांस म्हणून खाता येतो, तो कुणाचा होता हे विसरता येतं. हृदय विसरू देत नाही. पण विसरून खाणं हे अधिक सभ्य खाणं आहे, असं मला कुठल्याच बाजूने पटत नाही. ज्या कोंबडीचा जीव घेतला तिने काय काय केलं होतं हे माहीत असणं, आणि तिचा कुठलाच भाग कचऱ्यात जाऊ न देणं, हे मला तिच्याशी अधिक प्रामाणिक वाटतं. आणि माझा अनुभव असा, की माहिती वाढली की किळस कमी होते. किळस बहुतेक वेळा अंधारात असलेल्या गोष्टीची असते. पेटा म्हणजे दाणा भरडणारा स्नायू, हे एकदा कळल्यावर त्यात किळस येण्यासारखं उरतंच काय?

कोफूला गेलात तर दुपारी सोबाच्या एखाद्या साध्या दुकानात बसा आणि थंड सोबाबरोबर तोरीमोत्सुनीची लहान ताटली मागवा, पहिल्याच वेळी मोठी नको. कलेजी गरम असतानाच संपवा, गार झाली की ती घट्ट होते. पेटा मागून खाल्ला तरी चालतो, त्याला घाई नाही. किन्कान शेवटी ठेवा, आणि वर शिचिमीची मसाला पूड भुरभुरायची असेल तर थोडीच.